बाळाचे टीके: नागपूरचे आईबाबा मला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

परवा रात्री साडेअकराला मेसेज आला, "सिस्टर, बाळाच्या टीक्याची तारीख होऊन दीड महिना झाला, आता आणलं तर रागवाल का?" हा मेसेज मला सारखाच येतो, नाव वेगळं, वस्ती वेगळी, भीती तीच. मी नागपुरात लसीकरणाच्या सत्रांवर बरीच वर्षं काम करून राहिली आहे आणि टीक्याला खरंच विरोध करणारे आईबाप मला फार थोडे भेटले, पण सर्दी होती, माहेरी गेले होते, कार्ड हरवलं, सुट्टी मिळाली नाही म्हणून राहून गेलेली लेकरं खूप भेटली. त्यांच्यासाठीच हे सगळे प्रश्न एका जागी लिहून ठेवते.

१. कोणत्या वयात कोणता टीका? एकदा सोप्या भाषेत सांगा ना.

जन्मल्यावर तीन: बीसीजी (टीबीविरुद्धचा), पोलिओचे थेंब आणि कावीळ बी. कावीळ बी चा डोस २४ तासांच्या आत द्यावा लागतो, म्हणून डिलिव्हरी झाली की घरच्या कोणीतरी वॉर्डातल्या सिस्टरला "दिला का?" असं विचारायचंच.

मग दीड, अडीच आणि साडेतीन महिने. तिन्ही वेळा पेंटा (यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब म्हणजे न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जंतू, असे पाच आजार येतात), पोलिओ थेंब आणि जुलाबाविरुद्धचा रोटा. दीड आणि साडेतीन महिन्याला यासोबत न्यूमोनियाचा पीसीव्ही आणि पोलिओची सुई पण असते. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा म्हणजे एमआरचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओची तिसरी सुई आणि व्हिटॅमिन ए. ज्या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वर आहे तिथं जेईचा टीका पण देतात, आणि विदर्भातले बरेच जिल्हे त्यात येतात. मग १६ ते २४ महिन्यांत एमआरचा दुसरा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, पोलिओ थेंब, जिथं लागू आहे तिथं जेईचा दुसरा. पाच-सहा वर्षांचं झालं की डीपीटीचा दुसरा बूस्टर, पुढे १० आणि १६ व्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाचा).

सगळ्यात जास्त लेकरं कुठं गळतात सांगू? साडेतीन महिन्यानंतर. तोपर्यंत दर महिन्याला येणं अंगवळणी पडलेलं असतं, मग एकदम साडेपाच महिन्यांची गॅप पडते आणि माणूस विसरतो, आणि दीड वर्षाच्या वेळी तर पोट्टं धावायला लागलेलं असतं, धडधाकट दिसतं, तर वाटतं झालं सगळं. या दोन तारखा आत्ताच मोबाईलमध्ये अलार्म लावून ठेवा.

२. कुठं मिळते, पैसे किती, आधार लागतं का?

सरकारीत सगळं फुकट. मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स, महानगरपालिकेचे दवाखाने, आणि कामठी, हिंगणा, उमरेड, काटोलकडे असाल तर तिथलं उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र. वस्तीतल्या अंगणवाडीत पण ठरलेल्या दिवशी सत्र असतं, तो दिवस तुमच्या आशाताईला तोंडपाठ असतो, तिचा नंबर सेव्ह करून ठेवा. आधार नाही म्हणून कोणी लस नाकारू शकत नाही. मोबाईल नंबर दिला तर यू-विनवर म्हणजे सरकारच्या लसीकरणाच्या पोर्टलवर नोंद होते आणि पुढे सर्टिफिकेट मोबाईलवरच मिळतं.

३. तारीख निघून गेली. आता सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

नाही. हे मी मोठ्यांदा सांगते, नाही. पेंटाचा एक डोस घेऊन सहा महिने गायब झालात तरी तो एक डोस पकडूनच पुढचे देतात, शरीर तो विसरत नाही. दोन डोसांमध्ये कमीत कमी चार आठवडे पाहिजेत एवढंच, जास्त अंतर पडलं तर डोस वाया जात नाही. फक्त तेवढे दिवस बाळ अर्धवट संरक्षणावर राहतं, म्हणून "पुढच्या महिन्यात बघू" नको, उद्या या.

काही टीक्यांना वयाची मर्यादा मात्र आहे. बीसीजी एक वर्षापर्यंत. पेंटा, रोटा आणि पीसीव्हीचा पहिला डोस एक वर्षाच्या आत पडला पाहिजे, पडला असेल तर बाकीचे नंतर पूर्ण करता येतात. एमआर आणि पोलिओ थेंब पाच वर्षांपर्यंत, डीपीटी सात वर्षांपर्यंत. एकही टीका न झालेल्या मोठ्या मुलासाठी प्रश्न १८ बघा.

आणि रागावण्याचं म्हणाल तर, मी एकदा रागावले होते. खूप वर्षांपूर्वी, गर्दीचा दिवस, एक बाई चार महिने उशिरा आली, मी सगळ्यांसमोर बोलले तिला. ती खाली मान घालून बाळाला टीका घेऊन गेली आणि परत आलीच नाही, तिच्या लेकराचा एमआर झाला की नाही मला आजपर्यंत माहीत नाही. त्या दिवसापासून उशिरा आलेल्या आईला मी आधी बसायला खुर्ची देते. तुम्हाला कोणी बोललंच तर ऐकून घ्या पण टीका घेतल्याशिवाय परत जाऊ नका.

४. सर्दी-खोकला आहे, थोडं अंग गरम आहे. आणू की नको?

आणा. साधी सर्दी, खोकला, पातळ शी, किंचित ताप, अँटिबायोटिक चालू असणं, दात येणं, यातलं काहीच टीका थांबवायचं कारण नाही. ताप खूप असेल, बाळ मलूल असेल, दूध ओढत नसेल किंवा भरती असेल तर आधी डॉक्टर, बरं झाल्यावर लगेच टीका. छोट्या लेकराला दर पंधरा दिवसांनी नाक गळतं, पूर्ण बरं होण्याची वाट पाहत बसाल तर वर्ष निघून जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

५. एका दिवशी तीन-तीन सुया? एवढ्याशा जिवाला झेपतं का?

झेपतं. बाळ जन्मल्यापासून रोज हवेतून, दुधातून, आजीच्या पापीतून शेकडो जंतूंना तोंड देऊन राहिलेलं असतं, त्यापुढे या टीक्यांचा भार किरकोळ आहे. त्रास होतो तो टोचण्याचा, आणि तो मिनिटभराचा. एकेक करून वेगळ्या दिवशी द्या म्हटलं तर रडणं तीनदा, तुमची सुट्टी तीनदा, आणि मधल्या दिवसांत बाळ उघडं. सुया वेगवेगळ्या जागी देतात, पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, पोलिओची उजव्या दंडावर कातडीत. टोचताना बाळाला छातीशी धरा, जमलं तर पाजा, रोटा किंवा पोलिओ थेंबाच्या आधी-नंतर पाजायला काहीच हरकत नाही.

६. टीक्यानंतर ताप आला, मांडीवर गाठ आली. काय करू?

पेंटानंतर त्याच संध्याकाळी ताप, चिडचिड, मांडी लाल होणं, दुखणं हे नेहमीचं आहे, एक-दोन दिवसांत उतरतं. एमआरचं वेगळं, त्याचा हलका ताप किंवा पुरळ साधारण आठवडाभराने येतो, तेव्हा घाबरू नका. जागेवर स्वच्छ ओला गार फडका ठेवा. चोळू नका, शेकू नका, हळद, चुना, कॉफी पावडर, बटाट्याची चकती यातलं काही लावू नका. छोटी कडक गाठ काही आठवडे राहू शकते, न दुखणारी असेल तर सोडून द्या.

तापाला पॅरासिटामॉल, पण वजनाप्रमाणे, आणि किती द्यायचं ते सत्रावरच कार्डावर लिहून घ्या. इथं एक चूक फार होते. थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं आणि सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५०, म्हणजे सिरपचं माप पाहून थेंबांचं औषध पाजलं तर कितीतरी पट डोस जातो. घरात दोन्ही बाटल्या असतील तर एक हलवून ठेवा.

तीन तासांपेक्षा जास्त सलग रडत असेल, झटका आला, एकदम ढिलं पडलं, ओठ किंवा डोळे सुजले, श्वासाला त्रास झाला, ताप उतरतच नसेल, तर वाट न पाहता दवाखाना किंवा १०८. जोरदार ॲलर्जी लाखो डोसांत एखाद्याला होते, बहुतेक वेळा टोचल्यावर लगेचच, म्हणूनच अर्धा तास थांबा म्हणतो आम्ही. ऑटो उभा आहे म्हणून पळू नका.

७. बीसीजीच्या जागी फोड आला आणि पू येतो. दुसरी विचारते तिच्या बाळाला तर डागच नाही!

दोन्ही ठीक आहेत. बीसीजीनंतर काही आठवड्यांनी डाव्या दंडावर पुळी येते, फुटते, सुकते आणि डाग राहतो, हे लस काम करत असल्याचंच आहे. मलम लावू नका, दाबू नका, आंघोळ नेहमीसारखी घाला. काखेत मोठी गाठ आली तर डॉक्टरांना दाखवा. डाग नाही उठला तरी बीसीजी परत द्यायची नसते.

८. रविवारी बूथवर पोलिओ पाजला ना, मग परत काहून?

रविवारचा डोस जास्तीचा असतो, तो कार्डावरच्या डोसाच्या जागी धरायचा नाही. बूथवर पाच वर्षांखालच्या सगळ्यांना एकाच वेळी पाजतात ते विषाणूला वस्तीत फिरायला जागा राहू नये म्हणून. भारतात जंगली पोलिओचा शेवटचा पेशंट जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालात सापडला, २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्त सर्टिफिकेट मिळालं, पण पाकिस्तान-अफगाणिस्तानात तो अजून आहे आणि विषाणूला व्हिसा लागत नाही. म्हणून कार्डावरचे पण आणि रविवारचे पण, दोन्ही.

९. सरकारी चांगलं की प्रायव्हेट? "पेनलेस" घ्यावं का?

सरकारी लस हलकी असते हा समज मनातून काढा, तिला पण तीच तपासणी लागते. पेनलेस म्हणजे सुई टोचत नाही असं नाही, त्यातला डांग्या खोकल्याचा भाग वेगळ्या पद्धतीने बनवलेला असतो म्हणून ताप आणि सूज कमी येते. पण सरकारीत वापरतात त्या जुन्या प्रकारच्या लसीचं संरक्षण जास्त टिकतं असं दिसलेलं आहे. परवडत असेल आणि डॉक्टर सांगत असतील तर प्रायव्हेटमध्ये कांजण्या, टायफॉइड, कावीळ ए, गालफुगी, फ्लू यांच्याही लसी मिळतात. पण त्याचे पैसे जमेपर्यंत फुकटचे टीके थांबवून ठेवणं मला बिलकुल पटत नाही. अर्धे इथं अर्धे तिथं चालतं, कार्ड एकच ठेवा आणि दोन्हीकडे दाखवा.

१०. मे महिन्यात ४५ डिग्री असतं, लस खराब नाही होत का?

चांगला प्रश्न आहे, विचारलाच पाहिजे. लस २ ते ८ डिग्रीत ठेवतात, केंद्रावर खास फ्रिज असतो आणि वस्तीत नेताना आइसपॅकच्या डब्यात. बाटलीवर एक छोटा गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, चौकोन गोलाएवढा गडद झाला किंवा त्याहून काळा पडला तर ती वापरायची नाही. तुम्ही "दाखवा ना ताई" म्हटलं तर दाखवतात, यात लाजायचं काही नाही. उलट मेडिकल स्टोअरमधून लस विकत घेऊन गाडीच्या डिकीत टाकून दुपारी धरमपेठहून मानेवाड्यापर्यंत नेणं धोक्याचं, आणि घरी फ्रीजरमध्ये ठेवणं पण, कारण पेंटा, कावीळ बी सारख्या लसी गोठल्या की कामातून जातात. उन्हाळ्यात सकाळी लवकर या, एवढंच.

२०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या जागी सॅनिटायझर पाजलं गेलं आणि १२ लेकरं दवाखान्यात गेली, ती बातमी अजून मला लोक पाठवतात. ती माणसांची चूक होती, मोठी चूक होती, आणि भीती वाटणं साहजिक आहे. त्यावर उपाय एकच, पाजण्याआधी बाटली बघा आणि नाव वाचा. तो तुमचा हक्क आहे.

११. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी कुठं होते टीके, तरी वाढलीच ना पोरं?

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना विचारा, तुमच्या आईला किती लेकरं झाली आणि किती राहिली. माझ्या अनुभवात इथं बहुतेक आजी थांबतात आणि मग एखादं नाव घेतात. त्यांच्या दंडावरचा देवीच्या टीक्याचा मोठा गोल व्रण पण पहा, त्याच टीक्यामुळे १९७५ नंतर भारतात देवीचा पेशंट नाही आणि १९८० मध्ये जगातूनच देवी संपल्याचं जाहीर झालं. गोवर आला की "माता आली" म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवतात, ठेवा बाप्पा, पण दवाखान्यात न्या आणि व्हिटॅमिन ए चा डोस विचारा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण "इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक काढतो, मी पण लहानपणापासून इतवारीत गर्दीत उभी राहून ओरडते. रोगराई जावी हे या गावाचं जुनं मागणं आहे, आणि मला तरी टीक्यात आणि त्या मागण्यात काही भांडण दिसत नाही.

१२. टीक्यामुळे ऑटिझम होतो, पुढे मूल होत नाही, असे व्हिडिओ येतात.

ऑटिझमची गोष्ट १९९८ च्या एका संशोधन पेपरवरून सुरू झाली, फक्त १२ मुलं होती त्यात. २०१० मध्ये तो पेपर मागे घेतला गेला आणि लिहिणाऱ्या अँड्र्यू वेकफिल्डचं ब्रिटनमधलं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशनच काढून घेतलं. नंतर डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजारांहून जास्त मुलं तपासली, गोवराची लस घेतलेल्यांमध्ये ऑटिझम जास्त नव्हता. होतं असं की ऑटिझमची लक्षणं दीड वर्षाच्या आसपास नजरेत येतात आणि तेव्हाच टीका पण असतो, म्हणून आईच्या मनात दोन्ही गोष्टी जोडल्या जातात. मूल बोलत नाही, नजर देत नाही असं वाटत असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे लवकर न्या, टीका थांबवून काही मिळणार नाही.

मूल न होण्याची अफवा पोलिओच्या काळापासून फिरते. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं, तेव्हा थेंब पिलेल्या पोरी आज स्वतःची बाळं घेऊन माझ्यासमोर बसतात.

१३. गोवर होऊन गेला, आता एमआर कशाला?

कारण अंगावर पुरळ आलं म्हणजे गोवरच होता असं नसतं, आणि एमआरमध्ये रुबेला पण आहे. रुबेला लेकराला हलकाच होतो पण गरोदर बाईला झाला तर पोटातल्या बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष होऊ शकतो. गोवर मात्र हलका नाही. एक पेशंट टीका न झालेल्या १२ ते १८ जणांना देऊ शकतो, त्यातून न्यूमोनिया, मेंदूला सूज. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीकडे आणि भिवंडी, मालेगावला केवढी साथ आली होती आठवा. नऊ महिन्याच्या एका डोसाने साधारण १०० तले ८५ वाचतात, उरलेल्यांसाठी दुसरा डोस. म्हणून दीड वर्षाची तारीख चुकवू नका.

१४. बाळ आठव्याच महिन्यात झालं, वजन कमी आहे. मोठं होऊ द्यायचं का आधी?

बाळ स्थिर असेल तर जन्मतारखेपासूनच वय मोजून टीके द्यायचे, डिलिव्हरीची जी तारीख दिली होती तिच्यापासून नाही. अशा नाजूक बाळाला डांग्या खोकला, न्यूमोनिया जास्त झोपवतो. काचेच्या पेटीत असेल तर वॉर्डातले डॉक्टर ठरवतील. आईला कावीळ बी असेल तर मात्र आधीच सांगून ठेवा, बाळाला १२ तासांत लसीसोबत आणखी एक इंजेक्शन लागतं.

१५. आमच्याकडे सिकलसेल आहे. टीका चालतो का?

चालतो म्हणजे, अजून जास्त लागतो! विदर्भात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरांत आहे म्हणून हे नीट वाचा. अशा लेकरांची प्लीहा लवकर कामातून जाते आणि न्यूमोनियाचा जंतू, हिब यांच्यापासून त्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त धोका. म्हणजे पीसीव्ही आणि पेंटाचा एकही डोस चुकता कामा नये, शिवाय जास्तीच्या काही लसी आणि रोजचं पेनिसिलिन याबद्दल सिकलसेल ओपीडीत विचारा. फक्त वाहक असेल तर नेहमीचंच वेळापत्रक. दुखण्याच्या क्रायसिसमध्ये भरती असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच टीक्याचं विचारून घ्या.

१६. "आज मुलं कमी आहेत, बाटली फुटणार नाही, पुढच्या वेळी या" असं सांगून परत पाठवलं.

असं होतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. बीसीजी आणि एमआरच्या बाटलीत बरेच डोस असतात, एकदा मिसळली की चार तासांत वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते, म्हणून काही जण वाचवायला पाहतात. पण नियम एका बाळासाठी पण बाटली उघडायचा आहे. शांतपणे म्हणा, "ताई, मी मजुरी पाडून आले, उघडा." नाहीच ऐकलं तर तिथल्या मेडिकल ऑफिसरला भेटा.

१७. कार्ड हरवलं / बाळंतपणाला माहेरी बालाघाटला होते / छत्तीसगडहून कामाला आलो.

कुठल्याही राज्याचं कार्ड चालतं, पुढचा डोस नागपुरात घ्या. विटाभट्टीवर, बांधकामावर असाल तरी सत्र तुमच्यासाठी पण आहे. कार्ड हरवलं तर जिथं टीके झाले तिथल्या रजिस्टरमध्ये किंवा यू-विनवर सापडतं. कुठंच नाही सापडलं आणि आईला पण आठवत नाही तर झाला नाही असं धरून देतात, जास्तीचा एखादा डोस गेला तर नुकसान नाही. कार्डाचा फोटो काढून आजच नवऱ्याला पाठवून ठेवा.

१८. मुलगा चार वर्षांचा आहे, एकही टीका नाही. आता काही होऊ शकतं का, आणि कोणाला टीका देतच नाहीत?

आधी दुसरं सांगते. त्याच टीक्याच्या मागच्या डोसाला जोरदार ॲलर्जी झाली असेल तर तो परत देत नाहीत. कॅन्सरचं औषध, जास्त दिवस स्टेरॉइड, जन्मजात प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूंच्या लसी डॉक्टरांना विचारूनच. घरात कोणाला झटके येतात, बाळ कुपोषित आहे, अंगावर खाज आहे, ही कारणं नाहीत.

चार वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी एमआर, डीपीटी आणि पोलिओ थेंब, सोबत व्हिटॅमिन ए, मग चार आठवड्यांनी पुढचे. बीसीजी, रोटा यांचं वय गेलं, ते सोडून द्यायचं. अशी एक आई गेल्या पावसाळ्यात आली होती, सतरंजीपुऱ्याकडची, दारात उभी राहून आत यायला घाबरत होती. मुलगा आधी आत आला, खुर्चीवर चढून बसला आणि बाही वर करून म्हणाला, दे. आता त्याचे तीन डीपीटी झाले, एमआरचे दोन्ही झाले, आणि बूस्टरची तारीख मी त्याच्या आईच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून दिली आहे.